पहाटे धुक्यात निघताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या लश्कर भागात सकाळी दार उघडलं की समोरचं घर दिसत नाही, आणि तरीही घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ऊन आलं की विरेल, निघा तुम्ही." याच भरवशावर आत्याला धौलपूरला सोडायला मी पहाटे निघाले होते. मुरैन्याच्या आसपास उजाडलं आणि धुकं विरायचं सोडून आणखी दाटलं.

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडचं धुकं बहुतेक वेळा प्रारणाचं असतं: निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला टेकलेली दमट हवा गार होते आणि त्यातली वाफ थेंब होऊन तरंगते. सूर्य उगवल्याबरोबर जमिनीवरचं दव वाफ होऊन त्याच गार हवेत मिसळतं, हवाही जराशी ढवळली जाते आणि थर जाड होतो. म्हणून उजाडताना नव्हे, दूरचा खांब स्वच्छ दिसायला लागल्यावरच निघा.

थंडी कडाक्याची म्हणजे धुकं पडणारच, हाही गैरसमज. आकाशात ढग असतील तर ते उष्णता धरून ठेवतात. वारा जोराचा असेल तर वरची कोरडी हवा खाली मिसळते. आदल्या दिवशी मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस झाला, संध्याकाळी आकाश मोकळं झालं आणि वारा पडला, तर मात्र सकाळचा बेत पुढे ढकला.

सगळं धुकं एकच समजू नका. चंबळच्या पुलाखाली दिसते ती बहुधा पाण्याची वाफ: पाणी कोमट, वरची हवा गार. ती पुलापुरती असते. समुद्रावरून येणारं धुकं वेगळं, उबदार दमट हवा गार पाण्यावरून सरकताना होणारं. ते वाऱ्याबरोबर येतं आणि दिवसाही टिकतं. महाबळेश्वरला पावसाळ्यात भेटतं ते बरंचसं डोंगर चढणारी हवा गार होऊन झालेलं.

आता गाडी. हाय बीम लावू नका. थेंबांवरून प्रकाश उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, वळताय हे मागच्याला कळणार नाही. काच आतून धुरकटली तर ती आपल्याच श्वासाची वाफ आहे. फडक्याने पुसून परत जमते. बाहेरची हवा आत घ्या आणि एसी चालू ठेवूनच गरम हवा काचेवर सोडा. एसी हवा कोरडी करतो, हे अनेकांना पटतच नाही.

हवामान खात्याच्या हिशेबात दृश्यता 200 मीटरच्या खाली गेली की दाट धुकं, 50 च्या खाली अति दाट. 50 मीटर म्हणजे पुढचा ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी रस्त्याच्या कडेला थांबणंसुद्धा धोक्याचं. पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्या. आम्ही त्या दिवशी तेच केलं, आणि आत्याने दोन चहा होईपर्यंत मला उठू दिलं नाही.