रबरी बोट घ्यायची, पण किती मीटरची? खानदेशातल्या पाण्याचा विचार करून

धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणारे असोत, हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी बघायला जाणारे असोत, की काठावरच्या गावात बचावासाठी बोट ठेवू पाहणारे असोत, सगळ्यांच्या कामाला येते ती रिब. खाली फायबरचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा व्ही आकाराचा टणक तळ आणि कडेने हवा भरलेली जाड ट्यूब. लहान रिबमध्ये साधारण तीन मापांतून निवड करावी लागते: २.७, ३.१ आणि ३.८ मीटर, म्हणजे अंदाजे नऊ, दहा आणि साडेबारा फूट. दुकानदार म्हणतो, "भाऊ, मोठीच घ्या, पुढे उपयोगी पडेल." माझं मत उलटं आहे. आपलं ओझं नीट वाहील अशी सगळ्यांत लहान बोट घ्यावी. आपल्याकडे बोट चालवण्यापेक्षा ती पाण्यापर्यंत नेणंच जास्त जिकिरीचं आहे.

१. आधी ओझं कागदावर मांडा

तीन मोठी माणसं धरा, सव्वादोनशे किलो. दहा एचपीच्या आसपासचं फोर स्ट्रोक इंजिन चाळीसेक किलो, पेट्रोलसकट टाकी दहा-बारा किलो. नांगर, दोर, वल्ही, पिण्याचं पाणी मिळून पंधरा. झाले जवळपास २९० किलो. बोटीच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेलं असतं, पण ती शेवटची हद्द असते. रोजचं ओझं त्याच्या दोन-तृतीयांशात बसत असेल तरच ते माप आपलं समजा.

२. अंगणात चुन्याने बोट आखा

कॅटलॉगमधली लांबी बाहेरून मोजलेली असते आणि ट्यूब बरीच जागा खाते. २.७ मीटरची बोट बाहेरून दीड मीटरहून थोडी रुंद असते. दोन्ही बाजूंची चाळीस-चाळीस सेंटिमीटरची ट्यूब वजा केली की आत उरतात जेमतेम पाऊण मीटर. आतली लांबी १.९ मीटरच्या आसपास. एवढा चौकोन चुन्याने आखा, त्यात पेट्रोलची टाकी, मासे ठेवायचा डबा किंवा कॅमेऱ्याची बॅग ठेवा आणि बरोबर येणाऱ्या सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून त्यात बसवा. गुडघ्याला गुडघे लागतात का, मागच्याला इंजिनचं हँडल मोकळेपणी फिरवता येतं का, ते पाहा. मग ३.१ मीटरच्या बोटीचा, साधारण २.२ बाय ०.८५ मीटरचा चौकोन आखा. बाहेरून दीड फुटाचाही फरक नाही, पण आत जवळपास तीस टक्के जागा वाढते. नक्की मापं कंपनीगणिक बदलतात, म्हणून दुकानदाराकडून आतली मापं मागूनच घ्या.

३. काठ पाहून वजन ठरवा

अ‍ॅल्युमिनियम तळाची २.७ मीटरची बोट चाळीस किलोच्या आसपास भरते, ३.१ ची पन्नासेक. फायबर तळ घेतला तर वजन आणखी वाढतं आणि ३.८ मीटरची फायबर बोट शंभरी ओलांडते, तेही इंजिन न धरता. आपल्या जलाशयांवर बोट उतरवायला सिमेंटचा उतार क्वचितच असतो. पावसाळा सरला की पाणी मागे सरकत जातं आणि मध्ये गाळाचा पट्टा उरतो. हतनूरला तर गाळ फार. त्या पट्ट्यात ट्रेलरची चाकं रुततात. चाळीस-पन्नास किलोची बोट दोघं उचलून नेतात आणि इंजिन मागून वेगळं आणतात. ३.८ ला चार माणसं किंवा ट्रॅक्टर लागतो, म्हणजे मनात आलं आणि निघालो असं होत नाही. पिकअपमधून नेणार असाल तर हौद्याची लांबी आधी मोजून घ्या. आणि काठावर बाभळीचे काटे असतात, बोट ओढत नेऊ नका.

४. पाणी कोणतं?

हतनूर, वाघूर, गिरणा अशा जलाशयांत काठाकाठाने, दोघा-तिघांनी फिरायचं असेल तर ३.१ मीटर पुरे. एकटे किंवा दोघेच असाल तर २.७ सुद्धा. नवापूरकडचा उकाईचा फुगवटा आणि अक्कलकुवा-धडगावकडचं सरदार सरोवराचं पाणी ही गोष्ट वेगळी. तिथे वाऱ्याला लांबवर मोकळं पाणी मिळतं आणि दुपारनंतर लाटा उठतात. लहान बोटीत पाणी उडून आत येतं, माणसं भिजतात, वेग सोडावा लागतो. तिथे रोज चौघांना जायचं असेल तर ३.८ घ्या आणि काठावर ठेवायची सोय करा.

धरणाचे दरवाजे उघडले असताना यातलं कुठलंच माप सुरक्षित नाही. पुराच्या धारेत प्रशिक्षणाशिवाय बोट घालू नये.

५. इंजिन

२.७ ला पाच-सहा एचपी, ३.१ ला ९.९ ते १५, ३.८ ला २० ते २५ हा ढोबळ हिशेब. पाटीवरच्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. ताकद कमी पडली की बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते आणि पेट्रोल जळतं. ९.९ चं इंजिन पूर्ण वेगात तासाला चारेक लिटर पितं. इंजिनपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी १५ इंच की २० इंच, हे इंजिन अडकवायच्या मागच्या फळीची उंची मोजून ठरवा. दांडा गरजेपेक्षा लांब असला तर उथळ गाळात पंखा आधी अडकतो.

६. जळगावचं ऊन

हा मुद्दा समुद्रकाठच्या सल्ल्यात फारसा येत नाही. ट्यूबमध्ये साधारण ०.२५ बार दाब ठेवतात. सकाळी २५ अंशांना एवढा दाब भरला आणि मे महिन्यात बोट काठावर उन्हात पडून आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब ०.४० बारच्या आसपास पोचतो. कापड थोडं ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण शिवणींवर ताण यायला तेवढा पुरतो. बोट पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा आणि वर ताडपत्री टाका. पीव्हीसीची ट्यूब स्वस्त असते, पण सततच्या उन्हात लवकर कडक होते. वर्षभर बाहेर राहणार असेल तर पैसे जास्त गेले तरी हायपेलॉन, म्हणजे ऊन सोसणाऱ्या कृत्रिम रबराच्या कापडाची ट्यूब घ्या.

७. पैसे देण्याआधी

जलाशयावर इंजिनची बोट नेण्यासाठी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा. यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, त्यामुळे नोंदणीचंही आधीच विचारून ठेवा. मग बोट पूर्ण फुगवून घ्या, व्हॉल्व्हवर आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावा आणि रात्रभर सावलीत ठेवा. पहाटे ट्यूब मऊ लागली म्हणून लगेच गळती समजू नका. थंडाव्यानेही दाब उतरतो. आदल्या दिवशी ज्या वेळी मोजला त्याच वेळी पुन्हा मोजा.