पायथॉनचा प्रोजेक्ट जमा करण्याआधीची तयारी

प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. यादी इथूनच सुरू करते, कारण बाकी काही राहिलं तरी निभावून नेता येतं, हे राहिलं तर नाही. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर तीन महिने बिनतक्रार चालला आणि एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, लॅबच्या मशीनवर पहिल्याच मिनिटाला पडला. कोड तोच, फाइल तीच, मशीन तेवढं वेगळं. माझी आतेबहीण यंदा त्याच वर्षाला आहे. तिला फोनवर सांगता सांगता लक्षात आलं की हे नीट लिहूनच काढायला हवं.

आधी असाइनमेंट्स. आर्मस्ट्राँग नंबर, पॅलिंड्रोम, फिबोनाची, चांदण्यांचे पॅटर्न, हे सगळं स्वतःच्या हाताने टाइप करा. सीनियरच्या फाइलवरून उतरवलं की जर्नल पूर्ण होतं, हात मात्र बसत नाही. एरर आली की ट्रेसबॅकची, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या ओळींपैकी, शेवटची ओळ आधी वाचा, काय बिघडलं ते तिथे असतं. कुठे बिघडलं ते तिच्या वरच्या ओळींत. इनपुटमधून येतं ती नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते, आकडा हवा असेल तर इंट करून घ्या. एक लिस्ट दुसऱ्या नावाला नुसती असाइन केली की नवी लिस्ट तयार होत नाही, त्याच लिस्टला दोन नावं पडतात, आणि एकीकडे बदल केला की दुसरीकडेही दिसतो. आणि कृपा करून आपल्या फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ किंवा ‘सीएसव्ही डॉट पीवाय’ असं नाव देऊ नका, ही पायथॉनच्या स्वतःच्या मॉड्यूल्सची नावं आहेत. इंपोर्ट करताना पायथॉन आधी तुमच्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये शोधतो, तिथे तुमची फाइल सापडली की तीच उचलतो, आणि मग ‘या मॉड्यूलमध्ये असं काही नाही’ म्हणून तक्रार करतो. आमच्या बॅचमध्ये एका मुलाची अख्खी दुपार यात गेली होती.

विषय लहान घ्या. मी कांद्याचे भाव घेतले होते. आमच्याकडे कांदा असतो, घरात रोज तोच विषय. पेपरातल्या बाजारभावाच्या रकान्यातून चार महिने रोज टाइप करत होते: दिनांक, बाजार, आवक, किमान भाव, कमाल भाव. बाजारांची नावं मराठीतच लिहिली. वडिलांना स्क्रीनवर वाचता यावीत म्हणून. या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही, फक्त त्याचे परिणाम मला माहीत नव्हते. डेटाबेस लागत असेल तर एसक्यूलाइट वापरा, ते पायथॉनसोबतच येतं. मायएसक्यूएलसाठी सर्व्हर लागतो, पासवर्ड लागतो, आणि लॅबच्या मशीनवर तो पासवर्ड कोणालाच माहीत नसतो.

आता मुख्य गोष्ट, परत तीच: दुसऱ्या मशीनवर चालवा. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू होतं, लॅबमध्ये विंडोज. मला वाटत होतं, पायथॉन सगळीकडे सारखाच. प्रोग्राम सुरू केला आणि स्क्रीनवर लाल ओळी आल्या. शेवटची ओळ अजून पाठ आहे: ‘चारमॅप’ कोडेकला ८१ हा बाइट वाचता येत नाही. एक्स्टर्नल सर शांतपणे म्हणाले, “बघा, काय झालंय ते.” मला काहीच कळत नव्हतं. दहा मिनिटं मी कंस तपासत बसले.

काय झालं होतं ते सविस्तर सांगते, कारण मराठी डेटा घेणाऱ्या कोणाचंही हे होऊ शकतं. फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट्स असतात. कोणतं अक्षर कोणत्या बाइट्सनी लिहायचं त्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, यूटीएफ-८ हे त्यातलं एक. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं. काना, वेलांटी, उकारसुद्धा. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर उबुंटूवर पायथॉन यूटीएफ-८ धरतो. विंडोजवर मात्र तो मशीनचं ठरलेलं कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा तक्ता, धरतो आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते १२५२ असतं, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेलं. त्या तक्त्यात २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि पाय मोडायच्या चिन्हाचा ८डी (हे आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले), दोन्ही नेमके रिकाम्या जागेवर पडतात. म्हणजे माझी फाइल पडली ती ‘पुणे’ या शब्दातल्या उकारावर. ‘नाशिक’ आणि ‘लासलगाव’ या नावांत तसं काही नाही. नुसती तीच नावं असती तर एररसुद्धा आली नसती. नावांच्या जागी परकी अक्षरं छापली गेली असती आणि आलेख तसाच निघाला असता. ते मला जास्त वाईट वाटतं, कारण एरर आली म्हणून निदान कळलं तरी.

उपाय एका ओळीचा आहे: फाइल उघडताना दरवेळी, वाचायला असो की लिहायला, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. पायथॉन ३.१५ पासून तेच डीफॉल्ट करायचं ठरलं आहे, पण लॅबमध्ये नवी आवृत्ती असेल या भरवशावर राहू नका. फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केली असेल तर सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट्स येतात आणि पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. डोळ्यांना ‘दिनांक’ दिसतं आणि पायथॉन म्हणतो ‘दिनांक’ नाहीच. तिथे यूटीएफ-८-सिग वापरा. विंडोजवर सीएसव्ही लिहिताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर एक्सेलमध्ये उघडल्यावर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते.

हे मला दुसऱ्या मशीनवर एकदा, फक्त एकदा चालवून बघितलं असतं तर आदल्या आठवड्यातच कळलं असतं. आपल्याच लॅपटॉपवर पन्नास वेळा चालवण्याला दुसऱ्या मशीनवरच्या एका वेळेची सर नाही. मैत्रिणीचा लॅपटॉप घ्या, मावसभावाचा घ्या, पण आपल्यापेक्षा वेगळा घ्या. सगळ्यात उत्तम म्हणजे ज्या लॅबमध्ये डेमो आहे तिथलंच मशीन.

तिथे बसलात की बाकीच्या गोष्टी आपोआप उघड्या पडतात. फाइलचा रस्ता पूर्ण लिहिलेला असतो, त्यात तुमच्या लॅपटॉपचं युजरनेम असतं, ते दुसरीकडे कुठून येणार? रस्ता तुमच्या पीवाय फाइलच्या फोल्डरपासून धरा, पायथॉनच्या पाथलिब मॉड्यूलने ते दोन ओळींत होतं. पांडाज, मॅटप्लॉटलिब या वेगळ्या टाकाव्या लागणाऱ्या लायब्ररी लॅबमध्ये आहेत का बघा. नसतील आणि तिथे नेटही नसेल तर पिप इन्स्टॉल चालणार नाही, लागणाऱ्या फाइल्स आधी उतरवून पेनड्राइव्हमध्ये न्याव्या लागतात, त्याही तिथल्या विंडोजला आणि पायथॉनच्या आवृत्तीला जुळणाऱ्या. म्हणून आवृत्ती आधी विचारा. मशीनवर अजून विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, आणि मॅच-केस तर ३.१० मध्ये आलं. तुमच्या कोडमध्ये ते असेल तर थेट सिंटॅक्स एरर. प्रोजेक्टसाठी पहिल्या दिवसापासून वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ठेवा, म्हणजे कोणत्या लायब्ररी खरंच लागतात ते कळतं. रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे त्या लायब्ररींची यादी, त्यातूनच काढा.

आलेखावर मराठी नावं टाकली असतील तर तेही तिथेच बघा. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, अक्षरांऐवजी चौकोन येतात. फॉन्टची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा.

एआयकडून कोड घेतला असेल तर घेतला, पण प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे. ओरलला व्याख्या फारशा विचारत नाहीत, “इथे कमाल भावाऐवजी सरासरी काढून दाखवा” असं सांगतात आणि शेजारी उभे राहतात. घरी कोणालातरी असं उभं करून सराव करा. इनपुटला मुद्दाम रिकामं एंटर मारून बघा, अक्षरं टाकून बघा, कारण ते हेच करणार. गंमत म्हणजे ‘१२’ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तरी इंट ते बरोबर वाचतो. मला हे फार उशिरा कळलं आणि वडिलांना दाखवल्यावर ते खूश झाले.

बॅकअप: गिट, आणि स्वतःला एक मेल. लॅपटॉप ऐन वेळी बंद पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कोणी करत नाही.

रिपोर्ट: आउटपुटचे स्क्रीनशॉट शेवटच्या आवृत्तीचे घ्या, जुने नकोत. बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या दोन दिवसांत रांग असते. सर्टिफिकेटच्या पानावर गाइड आणि एचओडी दोघांच्या सह्या.

डेमोच्या दिवशी दोन पेनड्राइव्ह, चार्जर, आयकार्ड, जर्नल. अर्धा तास आधी पोचा आणि जे मशीन दिलंय त्यावर सुरू करून बघा.

आणि त्याआधी दुसऱ्या मशीनवर. आतेबहिणीलाही शेवटी हेच सांगितलं: तुझी लॅब साडेपाचला बंद होते, आज पाचच्या आत फोल्डर घेऊन जा, चालव, आणि काय एरर आली त्याचा फोटो मला पाठव.