दुखण्याची गोळी देताना या चुका टाळा

पालखी पुण्यात मुक्कामाला आली की आरोग्य तंबूपुढे गुडघे धरून बसलेल्यांची रांग लागते. मागणी ठरलेली: "सिस्टर, ती दुखण्याची गोळी द्या." औषध लिहून द्यायचं काम डॉक्टरांचं. पण हातात गोळी ठेवण्याआधी चार प्रश्न विचारायचे ते आपणच, आणि गडबड होते ती बहुधा तिथेच.

"काही खाल्लंय का?" एवढं सगळेच विचारतात. तेवढ्यानं भागत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तयार होणं रोखतात, म्हणून सूज आणि दुखणं उतरतं. पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं. म्हणून "गोळीनं पोटात जळजळतं, इंजेक्शनच मारा" या मागणीला भुलू नका. औषध रक्तातूनही तेच करतं. आधी अल्सर होता का, शौचाला काळं होतं का, हे विचारा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते किडनीकडे. माउलींना पिशवी उघडायला लावा. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली जोडगोळी बऱ्याचदा निघते. दिवसभर चालून घाम गेलेला, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलेलं (बायका तर हमखास), त्यात ही जोडगोळी आणि वरून डायक्लोफेनॅक! किडनीचा रक्तपुरवठा एकदम घटू शकतो. सकाळपासून लघवी किती वेळा झाली, गडद होती का, हे विचारा आणि गोळी देण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. पिशवीत ॲस्पिरिन 75 असेल तर तेही सांगा: आयबुप्रोफेन आधी पोटात गेलं तर ॲस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

पिशवीत आणखी एक घोळ असतो. मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेल्या दोन गोळ्या, नाव पलीकडच्या तुकड्यावर राहिलेलं. त्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं: आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅमसोबत पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम, सर्दीच्या गोळीत आणखी, शिवाय तापासाठी वेगळी 650 ची. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नको. दारू पिणारा, लिव्हरचा पेशंट किंवा अगदी कृश म्हातारं माणूस असेल तर मर्यादा आणखी खाली. गोळी ओळखू येत नसेल तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात अंगदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदर बाईला, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, हीच औषधं मनानं देऊ नका.

डायक्लोफेनॅकचं 75 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात नको, नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल द्यायचं. वरवर दिलं तर तिथली त्वचा आणि स्नायू सडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दमा आहे का, एखाद्या पेनकिलरनं कधी धाप लागली होती का, हे सुई टोचण्याआधी विचारा. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, पण दिंडी हलली की माउली थांबत नाहीत. तेव्हा इंजेक्शन भरण्याआधीच विचारून घ्या, दिंडी निघायला किती वेळ आहे.