आरटीईचा फॉर्म भरताना बलून नेमका कुठे ठेवायचा

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याखाली खासगी शाळांतल्या मोफत जागा लॉटरीने मिळतात. लॉटरीत नंबर लागला, मोबाईलवर मेसेज आला, पेढे वाटून झाले आणि कागदांच्या पडताळणीत प्रवेश गेला. पाच-सहा वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांचे फॉर्म भरून देतोय, तेवढ्यात हे मी दोनदा पाहिलंय. लॉटरी आपल्या हातात नाही. फॉर्ममधला नकाशा आणि कागद मात्र आपल्याच हातात असतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

आधी शाळांचं थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत मुलाला घेऊन जायचं आणि नाव घालायचं, विषय संपला. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, प्रवेश शाळा देते. नवोदय ही सहावीपासूनची वेगळी वाट. त्यासाठी पाचवीत असताना निवड परीक्षा द्यावी लागते. राहिल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्यांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा मोफत द्याव्या लागतात, आणि हा हक्क आठवीपर्यंत टिकतो. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा तसा निकाल आहे.

‘शेजारी झेडपीची शाळा आहे, मग तुम्हाला खासगी मिळणार नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तसा नियम फेब्रुवारी २०२४मध्ये खरंच आला होता, पण जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

१. आपण कोणत्या गटात बसतो ते ठरवा. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं आणि तहसीलदारांचा दाखला हवा. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि अनाथ मुलं वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. ओबीसी पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांग लावतात आणि जातीचा दाखला काढायचाच राहून जातो, हे नेहमीचं. जातीचा दाखला मुलाचा किंवा वडिलांचा चालतो.

२. कागद फॉर्मच्या आधी काढा. मुलाचा जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा सगळ्यांनाच लागतो. भाड्याने राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला करार चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि फॉर्म भरण्याच्या तारखेआधीचा करार लागतो. मेसेज आल्यावर धावपळ करून केलेला करार पडताळणी समिती तारीख बघूनच बाजूला ठेवते.

३. बलून. आरटीईच्या पोर्टलवर पत्ता टाकला की नकाशा उघडतो आणि त्यावर एक बलून दिसतो. तो ओढून आपल्या घरावर आणायचा. शाळेचं अंतर या ठिपक्यापासून मोजलं जातं, आणि १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. म्हणून बलून शाळेच्या जरा जवळ सरकवायचा मोह होतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा बलून सायबर कॅफेवाल्याने ‘ताई, नंबर लागेल’ म्हणत चौकातल्या देवळावर ठेवला. नंबर लागलाही. पडताळणीला वीजबिलावरचा पत्ता आणि नकाशा जुळेना. प्रवेश गेला आणि ते वर्षही गेलं.

कॅफेत भरणार असाल तर नकाशा सॅटेलाइट दृश्यात उघडायला सांगा, आपल्या इमारतीचं छप्पर ओळखा आणि त्यावर बलून स्वतः ठेवा. अंतर हवाई मोजतात, हेही ध्यानात असू द्या. रेल्वे रुळापलीकडची शाळा नकाशात ७०० मीटरवर दिसेल. पुलावरून चालत गेलात तर पाऊण तास लागेल.

४. शाळा निवडा. फॉर्ममध्ये १० शाळा टाकता येतात, म्हणून दहाही भरायच्या असं नाही. नंबर लागलेली शाळा नाकारली तर त्या वर्षी पुन्हा संधी मिळत नाही. तेव्हा जिथे मूल रोज खरंच जाईल तेवढ्याच टाका. फॉर्मही एका मुलाचा एकच भरा. जास्त संधी मिळेल म्हणून दोन भरले तर दोन्ही हातचे जातात.

५. लॉटरीनंतर. मेसेजच्या भरवशावर बसू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः बघत राहा. कॅफेवाल्याने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला मी पाहिलाय. निवड झाली असेल तर अलॉटमेंट लेटरची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन, दिलेल्या मुदतीत, आधी पडताळणी समितीकडे जा आणि मग शाळेत.

प्रतीक्षा यादीत असाल तर फेऱ्या संपेपर्यंत थांबा, पण मुलाला घरी बसवून ठेवू नका. पालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेला, प्रवेशाची तारीख उलटून गेली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.