फक्त ‘आपल्यात चालत नाही’ एवढंच सांगू नका : ख्रिस्ती आईबापांनो, या चुका टाळा

माझी लेक दुसरीत असतानाची गोष्ट. गणपतीच्या दिवसांत वर्गात मोदक वाटले. तिनं हातात घेतला, खिडकीशी गेली आणि सगळ्यांच्या देखत बाहेर टाकून दिला. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं. पहाटे उठून त्यांनी ते मोदक स्वतः केले होते. घरी आल्यावर लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, “तूच सांगितलंस ना, आपल्यात चालत नाही म्हणून?”

सांगितलं होतंच, पण तेवढंच. प्रसाद का चालत नाही, मग करायचं काय, समोरच्या माणसाला काय म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगली-मिरजेत आपल्या लेकराच्या वर्गात पन्नास मुलं असतील, तर त्यात ख्रिस्ती एखाद-दुसरंच. आपण कोण आहोत हे त्याला रोज कुणी ना कुणी विचारतं. त्याच्या हातात आपण फक्त ‘नाही’ची यादी दिली, की तेही बिचारं काय उत्तर देणार? मी मिरजेत राहते आणि बरीच वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात, लहान मुलांना शिकवते. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक आमच्या घरात झालेल्या आहेत, काही मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, घरांतून पाहिलेल्या.

प्रसादाचं काय करायचं, हे आयत्या वेळी ठरवणं

हा प्रश्न काही आपल्या काळातला नाही. करिंथ शहरात देवळात वाहिलेलं मांस बाजारात विकायला येई आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांत यावरून वाद होता. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत त्याचं उत्तर आहे. मूर्ती म्हणजे काही नाही आणि अन्नामुळे देवापुढे आपली योग्यता वाढत-घटत नाही, असं तो सांगतो. बाजारातलं चौकशी न करता खा, म्हणतो. पण कुणी ‘हे वाहिलेलं आहे’ असं सांगितलं, तर त्या माणसाच्या विवेकासाठी खाऊ नका, असंही सांगतो. आणि या दोहोंच्या मध्ये तो मूर्तिपूजेपासून दूर राहायला बजावतो. हे दोन्ही अध्याय नवराबायकोनं एकदा सोबत बसून पूर्ण वाचा. एकच ओळ उचलून मुलांवर नियम लादला, की मोदक खिडकीबाहेर जातो.

आमच्या मंडळीत काही घरं प्रसाद घेतच नाहीत. काही घरं हातात घेतात आणि न खाता दुसऱ्या मुलाला देतात. मी पहिल्या मताची आहे. पण तुमचं काहीही ठरो, ते श्रावण लागायच्या आधी ठरवा आणि मुलाकडून घरात बोलून घ्या. आम्ही खरोखर तालीम केली. मी बाई झाले, लेक विद्यार्थिनी. “बाई, आम्ही प्रसाद खात नाही. राग मानू नका.” हात जोडून, हसून, एवढंच. टाकायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, ‘तुमचा देव’ हा शब्द काढायचा नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंशी मी स्वतः मोकळेपणानं बोलले. बोलायला मला सहा वर्षं लागली आणि त्यांना कळायला एक मिनिट. तेव्हापासून त्या नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचा डबा भरून बाजूला ठेवतात. मोदकही, गौरीच्या पुरणपोळ्याही. नाताळात आमच्या करंज्या-चकल्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडे जातं.

शाळेत सरस्वतीपूजन असतं तेव्हा काय, असं पालक विचारतात. तिथं मी मुलांना बायबलमधली नामानाची गोष्ट सांगते. अरामी सेनापती, कुष्ठरोगातून बरा झालेला. घरी परतताना तो संदेष्टा अलीशाला विचारतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची मला क्षमा होईल ना? अलीशा त्याला म्हणतो, “शांतीने जा.” यावर आमच्या चर्चच्या पाळकांमध्येही दोन मतं आहेत. पण नोकरीत किंवा शाळेत अडचणीत सापडलेल्या माणसाशी देवाचा संदेष्टा किती मायेनं बोलला, ते मुलांना ऐकू द्या. माझी मुलं त्या वेळी शांत, आदरानं उभी राहतात. आरतीत भाग घेत नाहीत.

मिरजेत विसर्जनाच्या मिरवणुकीला रस्त्यारस्त्यांवर मोठमोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात. त्या बघायला मुलांना न्यायचं का? मी नेते. कोंडून ठेवलेलं पोरगं मित्राच्या सायकलवरून जाणारच, मग माझ्यासोबत गेलेलं काय वाईट?

‘नाही’ खूप, ‘हो’ काहीच नाही

वर्षभर दुसऱ्यांच्या सणांना ‘नको’ म्हणायचं आणि आपल्या सणाला नवे कपडे घालून तासभर चर्चमध्ये बसून यायचं. एवढ्यावर मूल वाढत नाही. आपल्याकडे आहे, भरपूर आहे, पण आपण आळस करतो.

पहिल्या उपजाचा, म्हणजे सुगीचा, सण घ्या. उपासनेत अर्पण आलेल्या धान्याचा, भाजीचा, कोंबडीचा नंतर लिलाव होतो. आमच्याकडे ज्वारीचं पोतं येतं, हळद येते, कुणी उसाची मोळी आणतं. एका वर्षी मी पोराच्या हातात पन्नास रुपये ठेवले आणि म्हटलं, बोली तू लाव. त्यानं एक भोपळा बत्तीस रुपयांना घेतला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला. पुढच्या वर्षी त्यानं कुंडीत लावलेली मेथी स्वतः वेदीपाशी नेली. डिसेंबरात रात्री घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतात, तेव्हा ‘उद्या शाळा आहे’ म्हणून मुलांना झोपवू नका. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला उचलून न्या, डोळे चोळत का होईना.

आणि ‘हा इंग्रजांचा धर्म’ असा टोमणा वर्गात कधीतरी ऐकू येतोच. त्याची तयारी घरात व्हायला हवी. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अखेरच्या वर्षांत, १९१७ साली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. त्यांच्या रचना आजही आपण उपासनेत म्हणतो, पेटी-तबला-झांजा घेऊन. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. साताऱ्याला गेलात तर पोरांना हे रस्त्यात सांगा, कंदी पेढे खाता खाता. मिरजेच्या मुलाला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्याची गोष्ट माहीत हवी. डॉक्टर परदेशी होते, हे लपवायचं कारण नाही. ते इथं येऊन कुणाची सेवा करत होते, ते सांगा.

आडनावाचा प्रश्न टाळणं

“आपलं आडनाव कांबळे, मग आपण ख्रिश्चन कसे?” हा प्रश्न मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की येतो. बहुतेक घरांत “जा, अभ्यास कर” हे उत्तर मिळतं. काही घरांत तर दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं चालतं. त्यामागचं दुखणं मला कळतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. पोटाचा आणि शिक्षणाचा प्रश्न होता, म्हणून कुणाच्या आजोबांनी काय लिहिलं यावर निवाडा करायला मी बसलेले नाही.

पण मुलापासून लपवू नका. घरात खोटं बोलू नये असं शिकवायचं आणि शाळेत ‘कुणी विचारलं तर सांगू नको’ म्हणायचं, यात पोरगं चिरडून जातं. पणजोबा कुठल्या गावचे, कुठल्या वाड्यातले, त्यांना विहिरीवर पाणी भरू देत होते का, त्यांनी येशूचं नाव कुणाकडून ऐकलं, हे सगळं सांगा. माझ्या सासूबाईंनी हे एका उन्हाळ्यात गच्चीवर नातवंडांना सांगितलं. ‘बाटगे’ हा शब्द आमच्या मुलानं त्यानंतर शाळेत ऐकला, आणि तो रडत घरी आला नाही.

वचनाच्या नावाखाली मारणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या घरांत याबद्दल कुणी बोलत नाही.

छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, अशा अर्थाचं बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन आपल्याला तोंडपाठ असतं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेतली मारहाण बंद केली, आपण मात्र घरात शास्त्राचा आधार घेऊन पट्टा काढतो. त्याच शास्त्रात पौल इफिसकरांस लिहितो, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. हे वचन मी भिंतीवर लावलेलं एकाही घरात पाहिलेलं नाही.

काठी म्हणजे काय, हे समजून घ्यायला लांब जायला नको. पाऊस सरला की जत, आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन नदीकाठच्या शिवारांत उतरतात. शेतकरी खतासाठी रात्री कळप रानात बसवून घेतात. एकदा कळपाजवळ तासभर बसा आणि धनगराची काठी काय काम करते ते बघा. उसात शिरणाऱ्या मेंढीच्या पुढं ती आडवी होते. ओढ्याच्या कडेला तो ती टेकवून उभा राहतो, म्हणजे कोकरू त्या अंगाला जात नाही. कुत्रं आलं तर त्याच्यावर उगारतो. आणि लांब आकडीनं बाभळीची फांदी खाली ओढून शेळ्याकरडांना पाला देतो. मेंढराला मारत बसला, तर कळप त्याच्या मागं येईल का? “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात,” हे तेविसाव्या स्तोत्रातलं वाक्य मला तिथं उमगलं. आपल्या हातातली काठी बघून आपल्या लेकराला धीर येतो का, एवढं मनाशी विचारा.

मी हात उचलत नसे, पण दुसरी चूक केली. मुलगा खोटं बोलला की त्याला स्तोत्र दहा वेळा लिहायला लावायचे. मला वाटे, शिस्तही लागेल आणि पाठांतरही होईल. सहावीत गेल्यावर त्यानं शब्बाथ शाळेत वचन म्हणायला साफ नकार दिला. तो म्हणाला, “ती शिक्षा आहे.” मी घरी आल्यावर त्याची माफी मागितली, नवऱ्यासमोर, मोठ्यानं. वर्षभर मी त्याला एकही वचन पाठ करायला सांगितलं नाही. आता खोटं पकडलं तर खोटं जिथं बोलला तिथं जाऊन खरं सांगायचं, एवढाच नियम आहे. दुकानदाराला, बाईंना, आजीला. मी सोबत जाते.

प्रार्थनेतून बोलणी खायला लावणं

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत “प्रभू, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे, याचा मोबाइल सुटू दे” असं त्याच्याच देखत म्हणू नका. ते देवाला नाही, पोराला ऐकवलेलं असतं, आणि पोराला ते कळतं. बोलायचं असेल तर डोळे उघडे ठेवून सरळ बोला.

प्रार्थना अर्धा तास ताणू नका. जेवणं झाली की आमची दहा मिनिटांत आटपते. गाणं मुलांनी निवडायचं, एक उतारा, आणि प्रत्येकानं एक वाक्य. धाकटी कधी कुत्र्याच्या पिल्लासाठी प्रार्थना करते. करू दे, दुरुस्त करू नका. बाकीचं शिक्षण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितलंय तसं घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना होत राहतं. माझ्या अनुभवात ते स्कूटीवर जास्त होतं.

प्रश्न विचारला की गप्प करणं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांची घरं पाण्यात गेली. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. त्यानं विचारलं, “देवानं हे थांबवलं का नाही? ती माणसं पापी होती का?”

माझ्या तोंडावर “असं विचारू नये” आलंच होतं. थांबले, कारण शिष्यांनीही येशूला जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, कुणी पाप केलं, यानं की आईबापांनी? येशूनं विचारणाऱ्यांना झापलं नाही. कुणाच्या पापामुळे नाही, असं सांगितलं आणि त्या आंधळ्याला बरं केलं. मी मुलाला योहानाचा नववा अध्याय वाचायला दिला, आणि तेरावं स्तोत्र, ज्यात दावीद देवालाच विचारतो, कोठवर? मग म्हटलं, थांबवलं का नाही हे मलाही कळत नाही रे. त्या दिवशी गल्लीतल्या बायका पूरग्रस्तांसाठी भाकरी थापत होत्या. त्यानं पीठ चाळून दिलं, भाकरी कागदात बांधल्या, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या शेजारी बसून.

दोन वर्षांनी दृढीकरणाच्या, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलानं आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीच्या, वर्गासाठी नाव द्यायची वेळ आली. तो म्हणाला, “अजून माझी खात्री नाही.” नवरा अस्वस्थ झाला, लोक काय म्हणतील म्हणून. आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी नाव लिहून घेतलं नाही. रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे चहाला येत जा, एवढंच त्याला म्हणाले. तो जायला लागला.