पोरगं शिकायला पुण्याला पाठवताय? आधी हिशोब मांडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं बारावी झाली की पुण्या-कोल्हापूरला निघतात आणि घरात सगळी चर्चा फक्त कॉलेजच्या फीची होते, पण खिसा रिकामा होतो तो राहण्या-खाण्यातच. आधी वही घ्या नि पहिल्या महिन्याचं वेगळं लिहा: रूमचं डिपॉझिट, गादी, बादली, मेसचा अ‍ॅडव्हान्स. मग दर महिन्याचं. आणि मेसवाल्याला विचारा की गणपती-दिवाळीला पोर घरी आलं तर तेवढे पैसे कापणार का, बरेच जण नाही कापत!

आपल्याकडं उसाचं बिल, म्हणजे कारखान्याकडून मिळणारे उसाचे पैसे, हिवाळ्यात आणि फी पावसाळ्यात, त्यामुळं बिल आलं की वर्षाचा मेसखर्च वेगळ्या खात्यात टाका, पोराला महिन्याला तेवढेच पाठवा.

शिक्षणासाठी लोन पाहिजे तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज करा, हॉस्टेल-मेस, लॅपटॉपपण त्यात बसतं. हप्ते साधारण कोर्स संपून एक वर्षानं चालू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हे कुणी नीट सांगत नाही. समजा चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज, तर हप्ता सुरू व्हायच्या आधीच १,४०,००० व्याज झालेलं असतं. जमेल तसं महिन्याला व्याज भरत रहा की.

उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर व्याज सबसिडीचं बँकेत विचाराच, तहसीलदारचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि हो, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी वेगळी कॅटेगरी आहे, फॉर्म भरताना बघा.