चायरल कार्बन डॉट्सचा प्रकाश मोजताय? या चुका टाळा

सिट्रिक आम्ल आणि एल-सिस्टीन पाण्यात विरघळवून काही तास ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) तापवलं की यूव्ही दिव्याखाली झगझगीत निळा उजेड दिसतो. लगेच घोषणा होते, चायरल कार्बन डॉट्स, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असू शकणारे चमकणारे कार्बनचे नॅनोकण, तयार! ही घाई इतक्यांदा पाहिली आहे की बाटली घेऊन येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं (छोटे रेणू बाहेर सोडणाऱ्या, कण आत ठेवणाऱ्या) पाणी दिव्याखाली बघितलंस का?

कारण या जोडीतून टीपीडीसीए नावाचा एक छोटा रेणूही बनतो आणि तोही निळाच चमकतो. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने एका रात्रीत डायलिसिस उरकलं होतं. एल आणि डी नमुन्यांचे (सिस्टीनच्या एकमेकांच्या आरसाप्रतिमा असलेल्या दोन रूपांपासून बनवलेल्या) सीडी आलेख, म्हणजे डावा आणि उजवा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश किती वेगळा शोषला जातो ते दाखवणारे आलेख, आरशातल्या प्रतिमांसारखे जुळले, म्हणून मीही खूश होतो. दोन महिने मोजमापं केली. मग एकदा पिशवी पुन्हा पाण्यात टाकली आणि ते बाहेरचं पाणी सहज दिव्याखाली धरलं, तर ते पिशवीतल्या द्रावणापेक्षा लख्ख! सिस्टीनचं चायरल केंद्र त्या छोट्या रेणूतही टिकू शकतं, त्यामुळे आलेखांची जुळणी हा कणांचा पुरावा होत नाही. सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं. आता माझ्याकडे १००० डाल्टनची (त्याहून कमी वस्तुमानाचे रेणू बाहेर सोडणारी) पिशवी असते, दिवसातून दोनदा पाणी बदलतो, आणि बाहेरचं पाणी दिव्याखाली काळं दिसेपर्यंत थांबत नाही. किती दिवस लागतील हे आधी विचारणाऱ्याला मी हे काम देत नाही.

सीडी मिळाला म्हणजे सीपीएल (चमकणाऱ्या प्रकाशातलं डावं-उजवं वर्तुळ-ध्रुवण) मिळणारच, असं धरून चालू नका. सीडी शोषणाबद्दल सांगतो, सीपीएल उत्तेजित अवस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाबद्दल. २२० नॅनोमीटरच्या आसपासचा सीडी निळ्या उजेडाबद्दल काहीच बोलत नाही. सीपीएलचा जी-गुणांक, म्हणजे डाव्या-उजव्या प्रकाशातला फरक भागिले त्यांची सरासरी, जास्तीत जास्त २ असू शकतो. तो ०.००१ असेल तर डाव्या-उजव्यातला फरक एकूण प्रकाशाच्या फक्त दोन हजाराव्या भागाइतका. एका स्कॅनमध्ये तो दिसला असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. एल, डी आणि रेसिमिक (दोन्ही समप्रमाणात असलेला), तिन्ही नमुने एकाच दिवशी मोजा. रेसिमिकचा आलेख शून्यावर बसला नाही तर बाकीचे दोन बाजूला ठेवा. फिल्म असेल तर ती उलटून आणि फिरवून पुन्हा मोजा, रेषीय ध्रुवण सहज फसवतं.

द्रावण गडद ठेवू नका, शोषकता ०.१ च्या खाली हवी.

३५० नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर ३९७ च्या जवळ दिसणारं टोक पाण्याच्या रामन विकिरणाचं (पाण्याने विखुरलेल्या, तरंगलांबी बदललेल्या प्रकाशाचं) असतं. उत्तेजन बदललं की तेही सरकतं, आणि नवखे त्यालाच कणांचा गुणधर्म समजतात. नुसतं पाणी मोजायला पाच मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

नॅनोट्यूबवाल्यांसाठी एवढंच: (६,५) ही चिरॅलिटी (नळी कशी गुंडाळली आहे ते सांगणारे आकडे) लिहिली म्हणजे नमुना एकाच वळणाचा झाला असं नाही. त्यात डाव्या आणि उजव्या वळणाच्या नळ्या एकत्र असू शकतात, त्या वेगळ्या कराव्या लागतात.